हळदीकुंकवाला हयातीचा दाखला : एका फोटो सिरीजच्या कामाच्या नोंदी

१९ जानेवारी २०२५

काय करतोय ते आधी लिहिते म्हणजे पुढचं कळेल. जयसिंगपुरातल्या आम्ही काही जणी मिळून मांडून काढलेल्या फोटोंची एक सिरीज करतोय. मांडून म्हणजे पडदा, कपडे, सामान, कोण कुठं उभं राहणार सगळं ठरवून, नाटकासारखं. प्रत्येक फोटोत बायकांच्या वाट्याला आलेली एक धार्मिक रीत घ्यायची आणि ती सरकारी ऑफिसात चालल्यासारखी दाखवायची. टेबल, रजिस्टर, शिक्का, रांग, झेरॉक्स.

पहिला फोटो हळदीकुंकवाचा. दारात टेबल टाकून एक बाई बसलीये आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीकडं नवऱ्याचा हयातीचा दाखला मागतीये. पेन्शनवाली माणसं दर नोव्हेंबरात बँकेत देतात तोच. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही हे आपल्याकडं कुणी तोंडानं विचारत नाही पण विचारलेलं असतंच, आम्ही ते फक्त कागदावर आणतोय.

ऑफिसच का घेतलं तर त्याला कारण आमच्याच शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घ्यायची नाहीत, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हे करायला सांगितलं. एका कागदानं एवढं होऊ शकतं. पण परवाच्या संक्रांतीला आमच्या गल्लीतल्या काकू दार ओढून घेऊन घरातच बसल्या होत्या. या काकूच आमच्या पहिल्या फोटोत आहेत. विचारायला गेलो तेव्हा नाही म्हणतील असं वाटलं होतं, त्यांनी फक्त साडी कुठली नेसू एवढंच विचारलं.

२६ जानेवारी

पडदा. यात सगळ्यात जास्त वेळ गेला म्हणून सविस्तर लिहिते.

फोटोंना रूप कॅलेंडरचं द्यायचं ठरलं. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथनं छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरातल्या भिंतीवर गेल्या. चांगली बाई कशी उभी राहते, कशी बघते, पदर कुठं असतो हे आपल्या डोळ्यांत त्या चित्रांनी पक्कं बसवलंय. बेंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी नेमकं हेच धरलं. बडोद्याला शिल्पकला शिकलेली ही बाई, क्लेअर आर्नी या फोटोग्राफर बरोबर २००० ते २००४ मध्ये त्यांनी एक मोठी सिरीज केली, त्यात त्या स्वतःच रविवर्म्याची लक्ष्मी होऊन उभ्या आहेत आणि दुसऱ्या फोटोत पोलिसांनी पकडलेली चोर बाई होऊन हातात पाटी धरून उभ्या आहेत. बाई एकच. फक्त पडदा, कपडे आणि हातातली वस्तू बदलली की आपण तिला नमस्कार करायचा की तिच्यावर संशय घ्यायचा हे बदलतं. ते बघितल्यापासून माझ्या डोक्यात हे काम होतं.

तर पडदा. १० बाय १२ फूट पाहिजे होता. मांजरपाट घेतला, पन्हा पुरत नव्हता म्हणून दोन पट्टे उभे जोडून शिवले, तर ती शिवण फोटोत बरोब्बर मधोमध रेघ मारल्यासारखी दिसायला लागली. उसवून जोड आडवा घेतला आणि जिथं चित्रातला कठडा येतो त्या उंचीवर ठेवला, आता शोधली तरी दिसत नाही. दुसरं, कापड आधी भिजवून, खळ काढून, वाळवून मगच ताणायचं. आम्ही तसंच कोरं ताणलं होतं, रंगाचं पाणी लागल्यावर ते आकसलं आणि एका बाजूचे खिळे उपटून आले. तिसरं, खडूची भुकटी आणि डिंक लावून अस्तर केलं होतं ते घडी घातल्यावर तडकलं. खरवडून परत केलं, या वेळी डिस्टेंपर पातळ करून त्यात थोडा फेविकॉल. आणि घडी कधीच घालायची नाही, पीव्हीसी पाइपवर गुंडाळायचा.

चित्र काढून दिलं ते दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटर काकांनी, फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम जवळपास बंदच आहे. खांब, कठडा, मागं तळं आणि दोन हंस. मजुरी घ्यायलाच तयार नव्हते, जबरदस्तीनं दिली. कापड, शिलाई, रंग धरून अडीच हजार गेले, मजुरी वेगळी.

२ फेब्रुवारी

रथसप्तमी मंगळवारी आहे, त्याच्या आत शूट करायचं होतं कारण वाणाचं सामान आता बाजारात आहे. केलं.

आधी कागदांचं सांगते. दाखल्याचा मसुदा असा आहे: "दाखला देण्यात येतो की, श्री. ______ हे आज रोजी हयात असून त्यांच्या पत्नीस तिळगूळ, वाण व हळदीकुंकू घेण्यास या कार्यालयाची हरकत नाही." जुन्या टाइपरायटरवर एका वकिलांच्या कारकुनाकडनं टाइप करून घेतला, कॉम्प्युटरवरचा तसा दिसत नाही. शिक्का करायला गेलो तर दुकानदारानं चांगली गोष्ट सांगितली की सिंहाची राजमुद्रा वापरू नका, तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. मग आमचाच गोल शिक्का केला, मधे कुंकवाचा करंडा आणि कडेनं "वाण वाटप विभाग". तो खऱ्यापेक्षा चांगला निघाला.

लाइटचा त्रास झाला. पुष्पमाला यांची नवरसांची एक सिरीज दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत जे. एच. ठक्कर यांच्याकडं काढलेली आहे, त्यात जुन्या सिनेमाच्या फोटोंसारखा एका बाजूनं येणारा कडक लाइट आहे. तो मला इतका आवडतो की मीही तसाच लावला. पण कॅलेंडरच्या चित्रात सावली जवळजवळ नसतेच, सगळं सारखं उजळलेलं असतं, त्यामुळं आमचा फोटो ना धड सिनेमा ना धड कॅलेंडर. त्यात साडीची जर आणि बेंटेक्सचे दागिने जागोजागी पांढरे फुटले.

पण खरा प्रश्न लाइटचा नव्हता. या फोटोत काकू रांगेत सगळ्यात शेवटी, रिकाम्या हातानं, खाली बघत उभ्या होत्या. संध्याकाळी ज्यांना ज्यांना फोटो दाखवला त्या सगळ्या "अगं बाई, किती वाईट वाटतं" म्हणाल्या. एकीलाही हसू आलं नाही आणि एकीनंही टेबलाकडं बघितलं नाही, सगळ्यांची नजर काकूंवर. म्हणजे आपण काकूंना परत एकदा बिचारी करून ठेवलं. गल्लीत ते रोज होतंयच, त्यासाठी पडदा कशाला रंगवायचा?

९ फेब्रुवारी

परत शूट केलं आणि हा फोटो झाला, मनासारखा.

बदललं काय, तर काकू आता रांगेत सगळ्यात पुढं आहेत. टेबलावर त्यांनी ही जाडजूड फाइल ठेवलीये, रेशनकार्ड, लाइट बिल, लग्नपत्रिका, मृत्यूचा दाखला, सगळं साक्षांकित. टेबलावरची बाई गोंधळून फाइल चाळतीये, तिची करंगळी थुंकीनं ओली, आणि काकू थेट कॅमेऱ्यात बघतायत. हसत नाहीयेत, रागातही नाहीत. डाव्या हाताची बोटं टेबलावर, बिल भरायला आलेलं माणूस ठेवतं तशी. ही बोटं मी सांगितलेली नाहीत, ती त्यांचीच.

आता बघणारा आधी फाइल बघतो, मग दाखला वाचतो, मग हसतो, आणि हसतो ते टेबलाला. या सिरीजची आमची कसोटी तेव्हापासून हीच ठरली: हसू रीतीवर पडलं पाहिजे, ती पाळणाऱ्या किंवा सोसणाऱ्या बाईवर नाही. पुढचा प्रत्येक फोटो आम्ही यावर तपासला.

लाइट: दोन एलईडी पॅनल दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, समोर पांढऱ्या चादरी. दागिन्यांवर टाल्कम पावडर हलकी चोपडून पुसली की चकाकी मरते. जरीचं काठपदर बाजूला ठेवून सुती इरकल घेतली.

२३ फेब्रुवारी

आठ हातांच्या देवीचा फोटो यादीतनं काढला. एका हातात लाटणं, एकात लॅपटॉप, एकात बाळ, एकात सिलिंडर. सुरुवातीला सगळ्यांना तोच सगळ्यात आवडला होता. पण महिला दिन जवळ आला आणि दुकानांच्या, बँकांच्या जाहिरातीत हेच चित्र दिसायला लागलं, तेव्हा लक्षात आलं की त्यात टीका कुठंच नाही. आठ हातांची कामं एकटीनं करते म्हणून तिला शाबासकी आहे. ज्याच्यावर बोट ठेवायचं त्याचीच आरती. यावर आमच्यात भांडण झालं, एक मैत्रीण अजून थोडी नाराज आहे, पण माझं मत पक्कं आहे.

त्याच सुमारास ओळखीच्या वकीलताईंना सगळे मसुदे दाखवून आलो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे आधीचं २९५ अ, हे मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यांनी कुठलंही चित्र काढून टाका म्हटलं नाही. पण आम्हीच एक नियम घालून घेतला की एकाही फोटोत देव, मूर्ती, खरं देऊळ किंवा खरी दर्गा येणार नाही. भीती आहे हे खरंय, आमच्यातल्या दोघी शाळेत नोकरीला आहेत. पण दुसरं कारण जास्त मोठं. आमचं भांडण देवाशी नाहीच, दारात टेबल टाकून बसलेल्याशी आहे.

१६ मार्च

कावळ्याचा पंचनामा.

फोटो असा: स्वयंपाकघराच्या बाहेर कोपऱ्यात गोणपाटावर एक बाई बसलीये, बाजूला वेगळं ताट-तांब्या. समोर तलाठी, दोन पंच, आणि स्टुलावर कावळा. तलाठी कावळ्याचा जबाब लिहून घेतोय की तू हिला नक्की कधी शिवलास. पाळी आलेली बाई बाजूला का बसते असं लहानपणी विचारलं की आमच्या सगळ्यांच्याच घरात हेच उत्तर मिळायचं, कावळा शिवला, आणि पुढचे चार दिवस लोणच्याच्या बरणीपासून लांब. मग ज्यानं केलं त्याचा जबाब तरी घ्यावा.

कावळा कागदाच्या लगद्याचा केला. पहिला पारव्यासारखा झाला. चोच लहान आणि मान आखूड, त्यामुळं लोक नुसतं "हे काय आहे" विचारत बसले. दुसऱ्याला चोच जाड केली, मानेजवळ राखाडी रंग दिला आणि डोक्यावरून निळसर चमक येण्यासाठी काळ्या रंगावर निळी शाई पुसली. वर्तमानपत्र, मेथीचं पीठ (वास घालवतं आणि किडा लागत नाही असं पेंटर काकांचं म्हणणं), तार, रंग, सगळं मिळून तीनशेच्या आत.

यात सुरुवातीला नववीतल्या मुलीला बसवायचं चाललं होतं, तिची आईही तयार होती. नको म्हटलं. हा फोटो इंटरनेटवर राहणार, वर्गातली पोरं बघणार, आणि ते झेलायचं तिनं एकटीनं. मोठ्या बाईलाच बसवलं. ज्यांना असं काम करायचंय त्यांनी एवढं पाळाच.

कसोटीला हा लगेच उतरला नाही. सगळे कावळ्यालाच हसत होते, बाई तिथं आहे हेही कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मग तिला पंचनाम्याचा कागद हातात घेऊन तपासताना बसवलं, लाल पेनानं शुद्धलेखन दुरुस्त करताना. आता नजर कावळ्यावरून कागदावर आणि कागदावरून तिच्याकडं जाते.

६ एप्रिल

ईद झाल्यावर मैत्रिणीचा फोटो केला. हा पूर्ण तिचा आहे, कल्पना, मसुदा, सगळं. मी फक्त बटण दाबलं.

ती बुरखा घालते, स्वतःचं टेलरिंगचं दुकान चालवते, स्कूटर चालवते. पहिल्यांदा मी तिला मौलवींच्या टेबलासमोरच्या रांगेत बसवायचं म्हणत होते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही पण मला रांगेतच उभं करणार का? शिंगणापूरचा चौथरा आणि हाजी अलीचा गाभारा, दोन्ही एकाच वर्षी कोर्टानं उघडायला लावले. टेबलं दोन्हीकडं आहेत. माझा त्रास वेगळाच आहे." खरंच आहे ते. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका एप्रिल २०१६ मध्ये गेल्या, हाजी अलीचा मुंबई हायकोर्टाचा निकाल ऑगस्ट २०१६ चा, आणि नोव्हेंबरमध्ये बायका मजारीपर्यंत पोचल्या.

तिचा त्रास असा की घरातले तिला बुरख्यावरून नियम सांगतात आणि बाहेरचे बुरखा बघून कीव करतात, आणि दोन्हीकडं तिचं काम काय आहे ते कुणी विचारत नाही. तर फोटोत स्कूटर पंक्चर झालीये, ती बाजूला उभी आहे, आणि चहूबाजूंनी माणसं तिच्यासमोर अर्ज धरून उभी आहेत. एकाचा "सदर महिलेस मुक्त करणेबाबत", एकाचा "सदर महिलेस आवर घालणेबाबत". तिच्या हातात पाना आहे आणि ती विचारतीये पंप कुणाकडं आहे का.

इराणच्या शादी गदिरियान यांचे फोटो तिला दाखवले होते, चादर गुंडाळलेली आकृती आणि चेहऱ्याच्या जागी इस्त्री, झाडू, चहाचा कप. ते तिला जाम आवडले, पण म्हणाली की हे तिनं तिच्या घरातलं सांगितलंय, आपण आपल्या रस्त्यावरचं सांगू. म्हणून हा एकच फोटो पडद्यासमोर नाही, रस्त्यावर आहे. काळ्या कापडाचं एक्स्पोजर सांभाळा. कॅमेरा आपोआप उजळवतो आणि बुरखा राखाडी होतो, मी एक स्टॉप कमी ठेवला आणि घड्या दिसाव्यात म्हणून बाजूनं चादर धरली.

११ मे

वटपौर्णिमेचा फोटो. सात जन्मांच्या कराराचं नूतनीकरण. वडाच्या पारावर बाकड्यावर तीन बायका बसल्यात, समोर नवरा खुर्चीच्या कडेवर, मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी. बायकांसमोर त्याचा "मागील जन्मातील कामाचा अहवाल" उघडा आहे.

नवरा मिळेना. बोलताना सगळे तयार, तारीख ठरली की कुणाची आई नको म्हणते, कुणाला गावात हसतील. शेवटी नात्यातले एक दाजी आले, ज्यांच्याकडनं अपेक्षाच नव्हती, आणि ते कडेवर असे बसले की मला काही सांगावंच लागलं नाही. विचारलं तर म्हणाले, तुमच्या ताईला बघायला गेलो होतो तेव्हा ती अशीच बसली होती.

झाडाखाली भर उन्हात पानांतनं कवडसे पडतात आणि चेहरे डागाळतात. वर दोन चादरी बांधून सावली केली, मग वडच दिसेना, मग कॅमेरा खाली आणून पारंब्या फ्रेममध्ये घेतल्या. सकाळी आठच्या आत उरकलं तर हे काहीच करावं लागत नाही.

८ जून

मेच्या शेवटी पाऊस फारच लवकर आला आणि पडदा ओसरीत राहिल्यानं खालच्या बाजूला बुरशीचे ठिपके आले. देवळाच्या उंबऱ्याचा फोटो राहिलाय तो आता दिवाळीनंतर.

छपाईत वेळ गेला. भिंतीवरचं कॅलेंडर छापायचं होतं, एका छापखान्यानं फाइल घेतल्या, ॲडव्हान्स घेतला आणि नंतर हे आमच्याकडं होणार नाही म्हणाले, कावळ्याचा फोटो बघून. पैसे परत मिळाले, पण त्यात बराच काळ गेला. शिवाय ऑफसेटला कमीत कमी हजार प्रती लागतात, ते आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. शेवटी सांगलीत २० बाय ३० इंचाचे मॅट प्रिंट काढले, एकाला साडेआठशे. फ्लेक्स स्वस्त पडतो पण चकाकतो, दाखल्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत, आणि या फोटोंचा जीव त्या अक्षरांत आहे. एकूण खर्च बारा हजाराच्या आत, वर्गणी काढून.

१५ जून

महिला मंडळाच्या हॉलमध्ये चारही फोटो लावले. वटपौर्णिमा मंगळवारी झाली, म्हणजे आलेल्या बऱ्याच जणींनी चार-पाच दिवसांपूर्वीच वडाला दोरा गुंडाळलेला. मला त्यांचीच जास्त काळजी होती.

एक जण न बोलता निघून गेली. दोघींनी सणाची चेष्टा नको म्हणून सांगितलं, त्यांच्याशी बराच वेळ बोलले, पटलं नाही त्यांना, आणि त्यांचं म्हणणं मी वहीत लिहून घेतलंय. वडाचा उपास करणाऱ्या एक आजी मात्र अहवालाचा कागद चष्मा लावून पूर्ण वाचत बसल्या आणि म्हणाल्या, "यात रजेचा रकाना नाही. बाईनं किती दिवस रजा घेतली तेही लिहा की." मी तो मसुदा परत टाइप करायला दिलाय, नवीन प्रिंटमध्ये रकाना असेल.

काकू त्यांच्या फोटोशेजारी उभ्या राहून येईल तिला फाइलमधले कागद समजावून सांगत होत्या. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू त्यांच्याच घरी करायचं ठरलंय, आमंत्रण त्या स्वतः देणार आहेत, आणि दारात तेच टेबल टाकून कोऱ्या कागदावर येणाऱ्या प्रत्येकीचं नुसतं नाव लिहून घ्यायचं, असं त्यांनीच सुचवलंय. त्याचे फोटो काढायचे का नाही ते अजून ठरलेलं नाही, मला तरी वाटतं काढू नयेत.

पडदा धुऊन, ठिपक्यांवर परत रंग देऊन पाइपवर गुंडाळून ठेवलाय. आसपासच्या कुणाला असं काम करायचं असेल तर घेऊन जा, शिक्का आणि कावळाही मिळेल. फक्त पडद्याची घडी घालू नका.